पिवळी बाटली

गुनवोर हेडलुंडइतकी जहाल बाई उप्सालाच्या त्या प्रयोगशाळेत दुसरी नव्हती. सगळ्यांची द्रावणं तीच बनवायची, आणि कुणाचा प्रयोग फसला की कॉफीच्या वेळी चारचौघांत झाडायचीही तीच. जो चुकेल त्याने घरून केक भाजून आणायचा, हा तिथला दंड. गुनवोरवर तो कधी आला नव्हता, आणि हे ऐकवल्याशिवाय तिला कॉफी गोड लागत नसे.

यल्वा लुलेओहून संशोधनाला आलेली. पेशीला ‘वाढ’ असा निरोप आला, की तो झेलणाऱ्या रिसेप्टरवर एक एन्झाइम फॉस्फेटची खूण करतं; दुसरं एन्झाइम ती पुसून टाकतं, म्हणून तर वाढ आवरते. यल्वाला ती खूण पकडायची होती. पण पेशी फोडल्या तरी पुसणारं काही थांबत नाही. त्याला रोखायला व्हॅनेडेट नावाचं रसायन घालतात. ते यल्वालाच तेवढं लागे, आणि बनवून द्यायची गुनवोर. सबंध हिवाळा गेला, खूण काही दिसली नाही.

"अगं, हात आहेत की लाकडं?" एकदा गुनवोर सगळ्यांदेखत म्हणाली. "पेशी गार ठेवायला तू बर्फ शोधत फिरणार, तोवर ते पुसणारं तुझी वाट बघत बसेल होय?"

सगळे खो खो हसले. यल्वाही हसली. महिनाभरात तिने सोडून जायचं ठरवलं.

ती जायच्या आदल्या दुपारी गुनवोरने व्हॅनेडेटची बाटली उजेडात धरली. पिवळं! रंग पार जाईपर्यंत ते उकळावं लागतं. पिवळं राहिलं तर काही कामाचं नाही. थंडीच्या तोंडावर शेगडी बिघडली, नंतर उकळू म्हणून तिने बाटली तशीच ठेवली, आणि विसरली. बाईने काय करावं? इकडेतिकडे पाहिलं आणि बाटली टाकाऊ रसायनांच्या डब्यात रिकामी केली. शी! तिला स्वतःचीच किळस आली.

दुसऱ्या दिवशी यल्वा वेलदोड्याचा केक घेऊन आली.

"दंडाचा आहे," ती म्हणाली. "फार सामान वाया घालवलं मी. गुनवोर, तुला खूप त्रास दिला. माफ कर हं." आणि पहिला तुकडा तिने गुनवोरच्याच ताटलीत ठेवला.

गुनवोरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हा दंड माझा आहे," ती कशीबशी म्हणाली. "व्हॅनेडेट मी उकळलंच नव्हतं. काल कळलं मला, आणि मी ते गुपचूप ओतून दिलं."

या वेळी कुणी हसलं नाही. यल्वा आपल्या हातांकडे बघत राहिली.

"म्हणजे माझे हात ठीक होते?"

"होते, पोरी. पहिल्यापासून."

यल्वाचे डोळे भरून आले. तिने गुनवोरच्या पुढ्यातली ताटली ओढून घेतली.

"मग हा खाऊ नकोस. सोमवारी तुझा घेऊन ये. आणि व्हॅनेडेट माझ्यासमोर उकळ."