दीड दिवसाची माटोळी

"चवथीला येतेस का? यंदा तुझे भाऊजी पहिला नंबर काढल्याशिवाय राहत नाहीत!" ताईचा असा फोन आला आणि मी त्याच दुपारी पुणे-गोवा बसचं तिकीट काढलं. आम्ही पुणेकर दहा दिवस गणपती बघणारे. तिच्या मांद्र्याच्या घरी तो दीडच दिवस. नुसता ट्रेलर, असं मी तिला चिडवलं. तुम्ही निघणार असाल तर तिकीट दोन महिने आधी काढा. मला शेवटची सीट मिळाली आणि घाटात हाडं खिळखिळी झाली.

सकाळी पेडण्याला उतरले तर भाऊजी स्कूटर घेऊन हजर. घरी नाही, थेट डिचोलीच्या बाजारात! रस्ता तासाभराचा, खड्डे धरून दीड तास. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली फळं, कंद, फुलं बांधतात. गावात तिची स्पर्धा असते आणि भाऊजी तीन वर्षं ओळीने दुसरे आलेले. यंदा महिनाभर प्रत्येक सुट्टीला त्यांनी रानं पालथी घातली होती, तरी काही वस्तू राहिल्याच होत्या. बाजार बघून मी वेडीच झाले! कांगलांचे लालभडक घोस, खुळखुळणाऱ्या शेंगा, डोक्याएवढी तोरिंजनं, म्हणजे आपली पपनसं.

"बाय, हात लावन बघ," एक विक्रेती म्हणाली. "कालचा न्हय, सकाळीच काडलेला."

घासाघीस बिनधास्त करा, पण आधी कोपऱ्यावरच्या हॉटेलात गरम उंडे आणि अळसांद्यांची, म्हणजे टपोऱ्या चवळीची, पातळ भाजी खा. असा पाव पुण्यात मिळत नाही, उगाच शोधू नका.

संध्याकाळी माटोळी बांधली. तारा नाहीत, प्लास्टिक नाही, फक्त केवणीच्या सालीचे दोर. मी खालून फळं देत होते, भाऊजी स्टुलावरून गाठी मारत होते. शेवटचं फळ चढलं तेव्हा अख्खं छत रानासारखं हिरवं झालं होतं आणि मी लहान मुलीसारख्या टाळ्या पिटल्या.

परीक्षक चवथीला येणार होते. आले नाहीत. मोटरसायकलचा आवाज आला की भाऊजींच्या आधी मीच फाटकाशी धावत होते. पंचमीला दुपारी निरोप आला, शेजारच्या गावात अडकलोय, तासाभरात पोचतो. इकडे उत्तरपूजा झाली. वाड्यावरचे सगळे गणपती एकत्र निघतात. शेजारी फाटकाशी येऊन थांबले, फटाके सुरू झाले. ताईच्या घरची रीत अशी की उत्तरपूजा झाली की माटोळी सोडायची आणि वाटून टाकायची.

"एवढं एक वर्ष राहू द्या की टांगलेली," मी म्हटलं. "गणपती पोचवून येईपर्यंत परीक्षक येतीलच."

भाऊजी वर बघत उभे राहिले. ताईच्या सासूबाई हळूच म्हणाल्या, "ज्याच्यासाठी बांदलेली, तो उठलो. आता ती कोणाक दाखवतलस?"

मी रडायच्या बेतात होते. भाऊजी स्टुलावर चढले आणि सगळ्यात दुर्मीळ फळ त्यांनी आधी सोडलं. मग काय, दोर सुटत गेले, हात पुढे येत गेले! कुणाच्या हातात शेंगा, कुणाच्या ओच्यात अंबाडे, आणि भाऊजी प्रत्येकाला ते फळ कुठल्या डोंगरावर मिळालं ते सांगत होते. मातीच्या मडक्याचं घुमट वाजवत, फळं मिरवत आम्ही समुद्रावर गेलो. मी इतकं ओरडले की घसा बसला.

भिजून परतलो तर परीक्षक रिकाम्या चौकटीखाली बसलेले.

"माटोळी खंय?"

"येताना वाटेत लोकांच्या हातात बघितलीत, तीच," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी एक तोरिंजन परीक्षकांच्या हातात दिलं, एक माझ्या.

ते मी पुण्याला आणून फ्रिजमध्ये ठेवलं होतं, टिकेल तितकं टिकवायचं म्हणून. काल ताईचा फोन आला. निकाल लागला, भाऊजींचं नाव कुठेच नाही.

"खूप नाराज आहेत का गं?"

"विचारायला घरी कुठे आहेत? रानात गेलेत. फागलां लागलीत म्हणे."

"पुढच्या वर्षीची तयारी?"

"छे! आजच्या करटोलीच्या भाजीला."

फोन ठेवला, फ्रिज उघडला आणि तोरिंजन कापलं. फार आंबट होतं. मीठ लावून सगळं खाल्लं.