खोटे उपवास

जळगावच्या आमच्या मुलींच्या शाळेत मधल्या सुट्टीत सगळ्या शिक्षिकांचे डबे एकाच लांब टेबलावर उघडले जात. त्या टेबलाची एक रीत होती. आपला डबा आधी दुसऱ्यांपुढे सरकवायचा, आणि दुसऱ्यांच्या डब्यातले चाखून झाल्यावरच आपल्या डब्याकडे वळायचे. कुणाची मेथीची पोळी असे, कुणाची शेवभाजी, कुणाकडे आदल्या दिवशीच्या वरणबट्टीतली उरलेली बट्टी तुपात परतून आणलेली असे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मी तेथे संस्कृत शिकवू लागले, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि चार माणसांत तोंड उघडायला मला फार धीर गोळा करावा लागे. त्या टेबलाने मला काही न विचारता सामावून घेतले. इतक्या वर्षांनी आठवण लिहायला बसले तर पहिल्यांदा तेच टेबल डोळ्यांपुढे येते, आणि त्याच टेबलाशी मी किती दिवस खोटे बोलले, तेही.

रुजू होण्याआधी दोन वर्षे माझे पोट बिघडलेले होते. जंतांचे औषध झाले, आवेचे झाले, चोपड्याच्या वैद्यांचे चूर्णही झाले. केस गळत, जिना चढताना धाप लागे, आणि वजन अडतीस किलोंच्या वर जात नसे. शेवटी जळगावात नव्यानेच दवाखाना थाटलेल्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांचे शिक्षण उत्तरेकडे झाले होते, आणि आमच्याकडे कुणी न विचारलेला प्रश्न त्यांनी विचारला, “पोळी खाता की भाकरी?”

माझे शिक्षण आणि नोकरी शहरात, त्यामुळे पोळीच खात होते. त्यांनी मला तपासणीसाठी एकदा मुंबईला पाठवले. तेथून आलेला अहवाल त्यांनी दोनदा वाचला आणि समोर ठेवला.

“यावरून दोन गोष्टी संभवतात,” ते म्हणाले. “एक, आतड्याचा क्षय. दुसरी, गहू न सोसण्याचा आजार. सीलिअॅक म्हणतात त्याला. माझा कल दुसऱ्याकडे आहे. चार महिने गहू संपूर्ण बंद करा. रक्त वाढलं तर निदान पक्कं. नाही वाढलं, तर वर्षभर क्षयाची औषधं, आणि त्यानंही भागलं नाही तर पोट उघडून पाहावं लागेल.”

क्षय हा शब्द त्या काळी घरात आला की मुलीच्या लग्नाची बोलणी थांबत, आणि शाळेनेही मला वर्गात उभे राहू दिले असते की नाही, कोण जाणे. ते चार महिने माझ्यासाठी कुठल्याही परीक्षेपेक्षा मोठे होते.

डॉक्टरांनी मला एक टंकलिखित इंग्रजी कागद दिला. वर्ज्य पदार्थांत ब्रेड, केक, मॅकरोनी आणि बिअर यांची नावे होती. बिअर पिऊ नये ही सूचना मी निमूटपणे मान्य केली. कुरडया, शेवया, बट्टी यांचा मात्र त्या कागदाला पत्ता नव्हता. या आजाराचा दुसरा रुग्ण मी कधी पाहिला नव्हता, आणि वाचनालयात शोधूनही त्यावर मराठीत एक ओळ सापडली नाही.

आईला सांगायला घरी चोपड्याला गेले, तर तिला ते पटेना. “गहू खाईसन कोणी आजारी पडस का, पोरी?” ती म्हणाली. पण माझ्या मनगटाकडे पाहून ती फार वेळ वाद घालू शकली नाही. दुसऱ्या दिवशी माळ्यावरचे जाते तिने खाली काढायला लावले. “गिरणीमा गव्हानं पीठ लागस. मी घरना जातावर दळी देसू.” तेव्हापासून दर आठ-दहा दिवसांनी चोपडा-जळगाव एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती दादर ज्वारीच्या पिठाची पिशवी येऊ लागली. स्थानकावर गाडीची वाट पाहत उभी राहायचे ते दिवस मला अजून आवडतात. पिशवी हातात आली की पीठ कोमट लागे. ते उन्हाने तापलेले असे, हे ठाऊक असूनही मला ते आईच्या हातचे वाटे.

घरी भाकरी खाणे सोपे होते. अडचण होती त्या टेबलाची. पहिल्या दिवशी भाकरी नेली तर शेजारच्या गणिताच्या बाईंनी हळहळून आपली पोळी माझ्या डब्यात ठेवली. “एकटीला पोळ्या लाटायचा कंटाळा येतो ना? आम्ही काय मेलो आहोत?” आता आजाराचे सांगायचे, तर पोटापासून सुरुवात करावी लागणार, आणि शौचाचा विषय मी मैत्रिणींतही कधी काढला नव्हता. तो सोमवार होता. माझ्या तोंडून निघून गेले, “आज माझा उपवास आहे.”

भाकरी तशीच पिशवीत गेली. पण किती सहज सुटका झाली होती! उपवास म्हटले की आमच्याकडे कुणी कारण विचारत नाही. भगर, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा यांत गव्हाचा कणही नाही. मंगळवारी मी गणपतीचा उपवास धरला, गुरुवारी दत्ताचा, शुक्रवारी देवीचा, शनिवारी मारुतीचा. बुधवार कुठल्या देवाला द्यावा हे सुचेना, तेव्हा त्या दिवशी वह्या तपासायच्या आहेत म्हणून मी वर्गातच बसून राहायचे.

टेबलावर थट्टा सुरू झाली.

“काय हो बाई, सोळा सोमवार ऐकले होते. तुमचे तर साती वार भरलेले!”

“एवढ्या उपवासांनी साधासुधा नाही मिळायचा. थेट कलेक्टर येईल मागणी घालायला.”

“कलेक्टर आला तरी जेवायला काय घालणार त्याला? भगर?”

मीही हसायचे. मात्र थट्टेबरोबरच माझा लौकिक वाढत गेला, आणि श्रावणात तो अंगाशी आला. आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांच्या नव्या घरी सत्यनारायण होता. मी दारात पाऊल टाकताच त्यांनी हाक मारली, “या, या! प्रसाद तुमच्याच हातून वाटायचा. आमच्यात एवढं व्रतस्थ दुसरं आहे कोण?”

केळी घालून, सव्वा पटीच्या मापाने, भरपूर तुपात केलेला तो शिरा होता. मी तो सगळ्यांना वाटला, आणि अखेरीस मोठ्या बाईंनी स्वतःच्या हाताने माझ्या तळहातावर मूद ठेवली. उपवास म्हणून जेवण नाकारता येते. उपवास करणाऱ्याने प्रसाद नाकारल्याचे कुणी ऐकले आहे काय? मी तो घेतला, आणि आज आश्चर्य वाटते ते याचे की मनात शंकाही आली नाही. पथ्य खाण्याचे असते. प्रसाद खाण्यात धरायचा असतो, हे मला तेव्हा खरोखरच सुचले नाही. त्या श्रावणात, व्रतस्थ म्हणून, मला पाच-सहा घरची बोलावणी आली. प्रत्येक पूजेनंतर माझे पोट दोन-तीन दिवस बिघडे, आणि त्याचा दोष मी पावसाळ्याच्या पाण्याला देत असे.

चार महिने संपले. रक्त तसूभरही वाढले नव्हते. डॉक्टरांनी अहवाल टेबलावर ठेवला.

“पथ्य पाळलंत? पोळी, ब्रेड, बिस्किट, काही नाही?”

“काही नाही,” मी म्हणाले. मी खोटे बोलत नव्हते.

“मग माझाच अंदाज चुकला म्हणायचा.” त्यांनी क्षयाची औषधे लिहून दिली. सोमवारपासून सुरू करायची होती.

मी ज्या घरात एक खोली भाड्याने घेऊन राहत होते ते घर मारवाडी जैन कुटुंबाचे होते. मालकांचे बाजारात किराणा दुकान होते. मालकीणबाईंना मी भाभी म्हणत असे. त्या सूर्यास्तापूर्वी जेवत, आणि कुणाच्याही घरी गेल्या की ताटाला हात लावण्याआधी मोकळ्या आवाजात विचारत, “यात कांदा-लसूण नाही ना? आलू?” मला त्यांच्या त्या विचारण्याची नेहमी लाज वाटे. त्या दिवशी मी जिन्यात बसून चिठ्ठीकडे पाहत असताना त्या वाळलेले कपडे घेऊन वरून उतरल्या, आणि माझा चेहरा पाहून तेथेच पायरीवर बसल्या. न विचारता मी सगळे सांगितले. उपवास खोटे होते हेही सांगितले.

भाभींनी एकच गोष्ट विचारली. “बाईजी, श्रावणात तुम्ही इतक्या पूजांना गेलात. प्रसाद कशाचा होता?”

“शिऱ्याचा.”

“शिरा कशाचा?”

“रव्याचा.”

“रवा काय झाडाला लागतो? गव्हाचाच ना?”

“पण तो... एवढासाच असतो, भाभी. आणि प्रसाद...”

“एवढासा म्हणजे काय?” त्यांनी हातातले कपडे मांडीवर ठेवले. “आमच्याकडे चौमासात हिरवी भाजी सोडली की सोडली. एक पान खाल्लं तरी मोडलं. देवाला सांगून मोडलं म्हणून न मोडल्यासारखं होत नाही. आणि खोटा उपवास कशाला करायचा? मी ‘मला हे चालत नाही’ म्हणून सांगते, तेव्हा कोण मला मारायला येतं?”

“तुमचा धर्म आहे, भाभी. माझं नुसतं पोट आहे.”

“पोट धर्मापेक्षा लहान झालं का, बाईजी? उठा. डबे दाखवा तुमचे.”

त्या माझ्या खोलीत आल्या आणि स्वयंपाकाच्या फळीवरचा एकेक डबा उघडून पाहू लागल्या. हिंगाच्या डबीपाशी थांबल्या. मालकांना खालून बोलावून घेतले. ते डबी हुंगून म्हणाले, “हा बांधानी हिंग आहे. यात गव्हाचं पीठ असतंच, नाहीतर एवढा स्वस्त कसा मिळेल? तुम्हाला शुद्ध हिरा हिंग आणून देतो.” आईने जात्यावर दळलेल्या पिठाच्या भाकरीबरोबर मी चार महिने त्या हिंगाची फोडणी खात होते. कशाकशात गहू असतो ते भाभी सांगत गेल्या आणि इंग्रजी कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी लिहीत गेले. तो कागद भरला तेव्हा मला पहिल्यांदा वाटले की या दुखण्यात मी एकटी नाही.

दुसऱ्याच दिवशी मी पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी ऐकून घेतले, चिठ्ठी परत मागितली आणि टेबलाच्या खणात टाकली.

“प्रसादाचं विचारायला हवं होतं मी. इतकी वर्षं इकडच्या लोकांत वाढलो आणि कागद मात्र परदेशी वापरला.” मग ते गंभीर झाले. “आणखी तीन महिने देतो. पण या वेळी कणभरही नाही. जमेल?”

जमण्यासाठी एक गोष्ट करणे भाग होते. मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर मी दोन तासिका घुटमळले. आत गेले तेव्हा त्या वेळापत्रक आखत होत्या. मी उभ्यानेच सांगितले, मान खाली घालून, पाठ केलेला श्लोक म्हणावा तसे. आजाराचे, उपवासांचे, प्रसादाचे. त्यांनी पेन खाली ठेवले.

“म्हणजे तुम्ही माझ्या घरी येऊन दुखणं घेऊन गेलात,” त्या सावकाश म्हणाल्या. “आणि मी तुम्हाला आग्रह करत होते.”

“तुमचा दोष नाही, बाई. मी खोटं बोलले.”

“ते तर बोललातच.” त्यांना वाईट वाटले होते, आणि ते त्यांनी लपवले नाही. “माझ्या सुनेला मी तुमचं उदाहरण देत होते, ठाऊक आहे? आता तिला काय सांगू?”

त्या उठल्या, मला घेऊन मधल्या सुट्टीत टेबलापाशी आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “यांना गहू सोसत नाही. आजार आहे. यापुढे यांच्या डब्यात कुणी पोळी ठेवायची नाही. आणि उपवासाबद्दलही कुणी बोलायचं नाही.”

मग गणिताच्या बाई म्हणाल्या, “म्हणजे कलेक्टर येत नाही तर!” मोठ्या बाईही हसल्या. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आले, आणि कित्येक महिन्यांनी मी त्या टेबलावर भाकरी उघडली. त्यानंतर टेबलाची रीत थोडी बदलली. कुणी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणू लागले, कुणी भरीत, कुणी डब्याचे झाकण उघडण्याआधीच सांगत असे, “हे तुम्हाला चालतं, मी पाहिलंय.” मोठ्या बाईंच्या घरी पुढच्या पूजेला केळी शिऱ्यात पडण्याआधी त्यांतले एक माझ्या प्रसादासाठी वेगळ्या वाटीत काढून नैवेद्याला ठेवले गेले. ते काढले होते त्यांच्या सुनेने.

आता दुकानांत पाकिटे मिळतात आणि त्यांवर काय आहे नि काय नाही ते छापलेले असते. त्यांचा उपयोग मोठा आहे, मी ती घेते. पण तेव्हा प्रत्येक घासापूर्वी कुणाला तरी विचारावे लागे. विचारायला शिकायलाच मला निम्मे आयुष्य लागले, आणि ज्यांना विचारले ती माणसे मात्र आयुष्यभराची झाली.

तीन महिन्यांनी दवाखान्यात गेले, तेव्हा रक्ताचा अहवाल घेऊन डॉक्टर स्वतः खोलीच्या दाराशी आले. हिमोग्लोबिन साडेसहावरून साडेनऊ. वजन चव्वेचाळीस. क्षयाचा विषय संपला होता. मी नमस्कार करून निघणार, तोच ते म्हणाले, “थांबा जरा. बाहेर सावद्याच्या एक बाई बसल्या आहेत. त्यांच्या मुलीलाही हेच असावं असं मला वाटतं. मी सांगितलं ते त्यांच्या ध्यानात आलेलं नाही. तुम्ही बोलाल त्यांच्याशी?”

अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलणे मला कधी साधले नव्हते. बाकावर एक पस्तिशीची बाई मांडीवर किडकिडीत मुलगी घेऊन बसली होती. मुलीच्या हातात ग्लुकोजचे बिस्किट होते, आणि आई तिला कौतुकाने म्हणत होती, “खा, बेटा, ताकद येते त्यानं.” मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हणाले, “ताई, ते बिस्किट जरा तिच्या हातून काढून घेता का? मी सांगते तुम्हाला.”