शेवटची गोळी

गाण्याच्या पुस्तिकेत नम्रता चालत नाही, असं बुधाजीचं ठाम मत होतं. एरवी हा माणूस भिवपुरीच्या पॉवरहाऊसमध्ये खाली मान घालून राबणारा, साहेबासमोर ब्र न काढणारा. पण पुस्तिका लिहायला बसला की त्याच्या अंगात वारं शिरायचं. मग तो ‘भिवपुरीची वीज’ व्हायचा, ‘कुलाबा जिल्ह्याचा वाघ’ व्हायचा. नावाआधी पदव्या इतक्या की वाचणाऱ्याला त्यातून माणूस हुडकून काढावा लागे.

दरवर्षी बुद्धपौर्णिमेला भिसेगावच्या मैदानात त्याच्या गायनपार्टीचा आणि जानकीबाईच्या पार्टीचा सवाल-जवाबाचा सामना व्हायचा. पुस्तिका त्याआधीच घरोघर पोचलेली असायची. निळी शाई हवीच. मुखपृष्ठावर वर उगवता सूर्य, खाली डावीकडे बुधाजी, उजवीकडे ‘भिसेगावची तोफ’ जानकीबाई, दोघांच्या हातात माइक आणि पाठीला पाठ. तोंडं समोरासमोर छापलीस तर लोकांना सोयरीक जुळल्यासारखं वाटेल, असं त्याने छापखान्यातल्या गजाला बजावलं होतं. फोटोत हसायचं नाही, हाही नियमच. आणि लोक सगळ्यात आधी उघडायचे ते शेवटचं पान, कारण तिथे एकमेकांची सालटी काढलेली असायची.

लोकांना वाटे, या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे. वाटू दे, तेवढीच गर्दी जास्त! खरी रीत वेगळीच होती. छापायला देण्याआधी बुधाजी जानकीबाईच्या घरी जायचा, चहा प्यायचा आणि लिहिलेली निंदा तिला वाचून दाखवायचा. नवरा, लेकरं आणि पोटाचा धंदा यांना हात लावायचा नाही. आवाज, पेटी, ठेका यांवर हवं तेवढं तोंडसुख घ्यावं. पण तिला विचारल्याशिवाय एक अक्षर छापायचं नाही. पुष्कळदा तीच त्याच्या ओळीला धार लावून द्यायची.

त्या वर्षी तो गेला तेव्हा तिचा आवाज घोगरा येत होता. सर्दी आहे म्हणाली. तिचा नवरा सोमा दारात बसला होता, त्याने मान वर केली नाही. बुधाजीने तिच्या पेटीवरचा शेर वाचला.

“ह्ये काय मिळमिळीत लिवलंस, दादा?” ती म्हणाली. “मी सांगते, लिव.”

आणि तिने सांगितलं:

*भिसेगावच्या तोफेची या दारू झाली ओली,*
*गळ्यामधी अडकून बसली शेवटची गोळी!*

बुधाजीने मांडीवर थाप मारली. “सोताचीच सालटी अशी कुनी काढतं काय गं?”

“छाप म्हनते ना. मोठ्या अक्षरात.”

सामन्याला मैदान फुलून गेलं होतं. बुधाजीने शेर टाकला आणि पुस्तिका वाचून आलेल्या लोकांनी तो त्याच्याआधीच पुरा केला. मग जानकीबाई उत्तराला उठली. कमरेवर हात ठेवून तिने तोंड उघडलं, पण नुसती हवा बाहेर आली. “गोळी अडकली रं!” कुणीतरी ओरडलं आणि मैदान हसून लोळलं. बुधाजीही हसला. काय सोंग आणलंय बाईनं, असं त्याला वाटलं. मग त्याची नजर तिच्या पेटीवाल्यामागे बसलेल्या सोमाकडे गेली. सोमा तोंडात टॉवेलाचा बोळा धरून रडत होता.

माइक नीट करायच्या निमित्ताने बुधाजी तिच्याजवळ सरकला.

“गाठ हाय,” ती कुजबुजली. “कापली का आवाज जानार. डाक्टर म्हनला, आत्ताच्या आत्ता मुंबईला जा. मी म्हनलं, पुनव होऊ दे.”

“बंद करतो मी.”

“खबरदार! थांबलास तर समदी मला बिचारी म्हनतील. हरली म्हनू दे. आन् मी थांबून राह्यले ह्ये आयेला कंदी कळू देऊ नको. मेल्यावर बी नाय.”

तो गायला. त्याने तोच शेर पुन्हापुन्हा गायला आणि ती त्याला बोटं नाचवून, डोळे वटारून, पदर खोचून मुकी उत्तरं देत राहिली. इतकी मजा कधी आली नव्हती, असं लोक म्हणाले. बुधाजीला स्वतःच्या गळ्याची किळस आली.

मुंबईला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. पावसाळा सरायच्या आत जानकीबाई गेली.

बौद्ध झाल्यावर भिसेगावने देव नदीत सोडले होते, अंगारे-धुपारे सोडले होते, पण छापलेल्या अक्षराचा धाक काही सुटला नव्हता. बुधाजीच्या लेखणीनंच तिचा गळा खाल्ला, असं बायका उघड बोलू लागल्या. तरी तिच्या मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला तो आला आणि मागे बसला. वंदना आटोपली. जानकीची आई पुतळाबाई उठून थेट त्याच्यापुढे आली. तिला वाचता येत नव्हतं. तिने शेवटचं पान उलटून पुस्तिका त्याच्या हातात दिली.

“वाच.”

त्याने वाचलं. चाल न लावता, हळू.

“कुनी लिवलं ह्ये?”

सोमाने बोलायला तोंड उघडलं. बुधाजीने त्याच्याकडे बघून नको म्हणून मान हलवली. शेर जानकीनेच सांगितला म्हटलं, तर गाठ ठाऊक असून ती थांबली हे आयेला कळलं असतं.

“मी लिवलं, आये.”

“तुमची रीत व्हती ना रं? इचारल्याबिगर छापायचं नाय म्हनून? माजी लेक सांगायची मला. तिला इचारलंवतंस?”

सगळं घर त्याच्याकडे बघत होतं. आयुष्यभर त्याने पदव्या खोट्या लावल्या, वाघ झाला, वीज झाला, पण ही एक रीत कधी मोडली नव्हती. त्याच्याजवळ खरं म्हणण्यासारखं तेवढंच होतं.

“नाय,” बुधाजी म्हणाला. “नाय इचारलं.”

पुतळाबाईने पुस्तिका त्याच्या हातातून घेतली. मुखपृष्ठ तिने दोन पाठींच्या मधोमध फाडलं, जानकी असलेला अर्धा भाग पदराखाली ठेवला आणि उरलेला त्याला परत दिला.