भोपाळ ते दिब्रुगड, अडीच तास

पस्तीस वर्षं भोपाळच्या कारखान्यात टर्बाइनची ड्रॉइंग वाचण्यात गेली. त्यामुळे इंद्रपुरीतल्या आमच्या गल्लीत कुणीही प्रवासाला निघालं की आधी मला अंतर विचारायचं. मीही कधी 'बघून सांगतो' म्हणालो नाही.

मुलगी लग्न होऊन आसामला, दिब्रुगडला गेली. जावई तिथल्या चहाच्या मळ्यावर मॅनेजर. एवढ्या लांब पोरगी दिली म्हणून बायको हळहळायची, तेव्हा मी तिला इंटरनेटवर शोधून दाखवलं. भोपाळ विमानतळ ते दिब्रुगड विमानतळ, अंतर सुमारे अठराशे किलोमीटर, उड्डाणाला अडीच तास. "अगं, तुझ्या नागपूरला रेल्वेने याहून जास्त लागतात," मी म्हणालो. पुढे येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मी हे ऐकवलं.

मुलीला दिवस गेले, तेव्हा बायकोने बजावलं, "अहो, पहिलं बाळंतपण माहेरीच. सातव्यात तिला घेऊन या." मुलीलाही यायचंच होतं. पण अवघडलेल्या पोरीने कशाला हिंडायचं? आम्ही दोघं धडधाकट होतो. मी दोघींचं म्हणणं निकालात काढलं. "तू नुसता फोन कर, अडीच तासांत आम्ही तिथे."

"पक्का ना, बाबा?"

"बापाचं गणित कधी चुकलंय?"

तारखेला अजून तीन आठवडे होते. एका सकाळी आम्ही चहा घेत होतो, आणि तिचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, तिला दवाखान्यात नेत होते. "आईला आणा ना, बाबा. लवकर."

मी छातीठोकपणे सांगितलं, "निघालोच. दुपारपर्यंत पोचतो."

मग तिकीट काढायला बसलो. भोपाळहून दिब्रुगडला थेट विमानच नव्हतं. ते जुनं पान पुन्हा उघडलं, तर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं की हा वेळ नकाशावरच्या सरळ रेषेवरून काढलेला आहे. ड्रॉइंगखालच्या टिपा आधी वाचा, म्हणून शिकाऊ इंजिनियरांवर मी जन्मभर खेकसलो होतो. ती एक ओळ मात्र मी वाचली नव्हती.

दुपारी दिल्ली, संध्याकाळी गुवाहाटी, तिथे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिब्रुगडचं विमान. दिल्लीहून मी जावयाला खरं काय ते सांगितलं, पण तोवर मुलीला आत नेलं होतं. बायको वाटेत सारखी घड्याळाकडे बघत होती. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. गुवाहाटीच्या लॉजवर जावयाचा फोन आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत मी पुन्हा ताठ झालो होतो. ज्याचा शेवट गोड ते सारंच गोड. "बघ, आलो की नाही!" दारातूनच मी म्हणालो.

मुलगी माझ्याकडे बघून हसली. रागाचा लवलेश नव्हता. मग आईचा हात धरून तिला सांगू लागली, "डॉक्टर को कितनी बार बोला मैंने, आई, की थोडं थांबा, माझी आई दुपारपर्यंत येतेय. ते म्हणत होते, जोर लावा. मी लावतच नव्हते गं. तू येईपर्यंत रोखून धरलं होतं."