दुहेरी ठशाचा रुपया

भिंगवाले चाचा सलामाला जवाब द्यायचे ते हातातलं नाणं बघून झाल्यावरच. औरंगाबादेत, औरंगपुऱ्यात आमच्या शेजारी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकानं निजामाचा, चारमिनार कोरलेला हाली रुपया पुढं केला की चाचांच्या डोळ्याला भिंग लागायचं आणि गिऱ्हाईक ताटकळायचं. घड्याळं बिचारी महिनोन्‌महिने पडून. बेगम वैतागून म्हणायच्या, "इनो जन्नत में बी भिंग लेकोच जाते!"

त्यांना वेड होतं दुहेरी नक्षीच्या नाण्यांचं. मी नवी सून, जाता-येता कानावर पडायचं. "टांकसाळीत ठसा बनवताना नक्षी दोनदा दाबतात, बेटी. दुसऱ्या वेळी जरा सरकली की मिनाराला दोन कडा. मग त्या ठशातून निघणारा हर रुपया तसाच. एकच मिळाला तर शक करायचा. दोन सारखे मिळाले तर समजायचं, ठसाच तसा." मी पदराआड हसायची.

आईनं पाठवणीच्या वेळी ओटीत चारमिनारचा एक रुपया घातला होता. त्याला कडी लावून गळ्यात घालावा म्हणून सासूबाईंबरोबर सोनाराकडं गेले. तो म्हणाला, "मिनार, अक्षरं दोन-दोन दिसायलीत. खोटा हाय."

"तुझ्या आईनं ओटीत खोटं नाणं घातलं व्हय गं?" सासूबाई चारचौघांत म्हणाल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. सोनारानं पारखायला छिन्नी उचलली, तसा मी रुपया हिसकावला आणि तडक चाचांकडं धावले.

चाचांनी भिंग लावलं. मग खणातून कापसात गुंडाळलेला स्वतःचा रुपया काढला, दोन्ही शेजारी धरून पाहिले आणि चपला न घालताच माझ्याबरोबर निघाले.

"बघा," ते सोनाराला म्हणाले, "त्याच मिनाराला तीच दुसरी कड. एकाच ठशाची भावंडं हायेत. एकाला कापा, दोघांचं कळतं." आणि आपला रुपया पुढं केला. तसा रुपया त्यांना उभ्या आयुष्यात एकच मिळाला होता.

छिन्नी बसली तेव्हा चाचांनी डोळे मिटले होते. आत पांढरीशुभ्र चांदी होती. परतताना सासूबाईंनी माझा हात धरला.

बेगम गेल्यावर चाचा मुलाकडं हैदराबादला निघाले. टांग्यात बसताना त्यांनी तो चिरलेला रुपया माझ्या हातावर ठेवला. "भावंडं वेगळी नक्को करू, बेटी." मला रडू आवरेना.

आज दोन्ही रुपये माझ्या गळ्यात आहेत. नातसून म्हणते, तो चिरलेला मागं ओवा. मी तोच पुढं ठेवते. माझ्या आईची अब्रू राखताना त्यानं तो घाव घेतलाय.