साखर की बुरशी

दुपारचे अडीच. गार्गी एकदाची झोपली आहे, माझ्या डाव्या दंडावर मान टाकून, ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब. हात काढला तर ती उठेल. नाही काढला तर मला उठता येणार नाही. पलंगाशेजारी स्टुलावर बाबांचा तंबाखूचा डबा आहे, आणि डब्यावर त्यांचं भिंग. परवापासून तसंच पडलंय. पाच मिनिटांचं काम आहे. झाकण काढायचं, भिंग डोळ्याला लावायचं, बघायचं. मी स्वतःला सांगते, हिची झोप जरा गाढ झाली की उठते. पंखा टकटक करतोय, त्याचं एक पातं कधीचं सैल झालंय. आता उठते. टक. उठलेच. टक, टक.

टकटक पंख्याची नाही. बाबा खुर्चीच्या हातावर पाइप आपटून रिकामा करतायत.

"उठू नकोस," ते म्हणतात. "हात काढलास तर किंचाळेल ती. तूही अशीच होतीस. लबाड."

त्यांच्या नाकात नळी नाही. कानामागे नळीचे वळ मात्र आहेत, लालसर, तसेच.

"चहा ठेवू?" मी विचारते. बापाला जाऊन अडीच महिने झाले, तो समोर येऊन बसला, आणि मी चहाचं विचारते.

"चहा तुझी आई करेल. तू डबा आण."

बाबांनी एकतीस वर्षं कोल्हापुरात कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं. गळ्यात काळ्या दोरीला भिंग, खिशात पाइप. दिवसातून एकच, तोही गॅलरीत, कारण आईला घरात वास चालायचा नाही. तंबाखूही साधा नसायचा. दाबून वडी केलेला आणि मग फणसपोळीसारख्या पातळ पट्ट्या कापलेला. त्याला ते फ्लेक म्हणायचे. जुने विद्यार्थी परदेशातून येताना डबे आणायचे आणि बाबा प्रत्येक डब्याची रीतसर परीक्षा घ्यायचे. वहीत रकाने आखलेले होते : नाव, तारीख, शेरा. 'लग्नातली अत्तरदाणी. एकदा पुरे.' 'सभ्य गृहस्थ. पण बोलत नाही.' 'सुरुवातीला गोड, शेवटी जीभ भाजतो. नातेवाईक.' एक शब्द मात्र त्या वहीत कुठंच नाही : छान. "छान म्हणजे बघितलंच नाही," ते म्हणायचे. पेपरात एका मुलानं दगडाचं वर्णन 'छान आहे' असं केलं होतं, त्याची गोष्ट त्यांनी आम्हाला वीस वर्षं ऐकवली.

"आण ना," ते म्हणतात.

मी डबा पाठीमागे लपवते.

पलंग कॉलेजच्या संग्रहालयात आहे. दोन्ही बाजूंना काचेची कपाटं, आत कापसावर ठेवलेले दगड, प्रत्येकासमोर बाबांच्या तिरक्या अक्षरातली चिठ्ठी. बाबा एकेक कपाट उघडून डबा शोधतायत. एका कपाटात गार्गीचे मोजे आहेत. एकात त्यांचा ऑक्सिजनचा मास्क, समोर चिठ्ठी : 'प्लास्टिक. अलीकडचा काळ.' ते वाचून स्वतःशीच हसतात. पुढच्या कपाटात नुसता कापूस, मधोमध खळगा, आणि चिठ्ठीवर 'गारगोटी. सापडल्याची तारीख :' आणि पुढे काही नाही.

माझ्या पोटावर हात ठेवून ते बाळाला गारगोटी म्हणायचे. "बघ, बाहेरून साधी असते. आत चमक." तिचं नाव गार्गी ठेवलं ते एवढ्याचसाठी. आईला तेवढं कळलं, बाकी कुणाला सांगितलं नाही.

"हे रिकामं का?" बाबा विचारतात.

"तारीख मला माहितेय, बाबा. मी लिहू?"

"तुझ्याकडं पेन आहे?"

पेन नाही. एक हात डब्यावर आहे, आणि दुसरा कशाच्या तरी वजनाखाली अडकलाय, मला तो जाणवतही नाही.

काच सरकते आणि ती हॉस्पिटलची खिडकी आहे. मी स्टुलावर बसले आहे, आठ महिन्यांचं पोट मांडीवर धरल्यासारखी. हे झालेलं आहे. हे मला पाठ आहे. बाबांची फुफ्फुसं दगडासारखी होत चालली होती आणि त्यांना ती उपमा आवडली होती. याच खोलीत हा डबा आला, एका विद्यार्थ्यानं पाठवलेला, झाकणावर अंजिराचं चित्र. बाबांना वास लावलेला तंबाखू आवडायचा नाही. पण हा अगदी हलका लावलेला होता म्हणे. "लावलाय हे कळू नये इतकाच लावला असेल, तर तो कारागीर खरा," ते म्हणाले होते. ओढायचा प्रश्नच नव्हता. त्यांना नुसतं हुंगायचं होतं. आणि मला त्या दिवसांत फोडणीचाही वास सोसत नव्हता.

"पोरी," ते आता म्हणतात, त्याच आवाजात, दोन शब्दांमध्ये श्वास घेत. "नुसतं झाकण काढ. एक पट्टी चुरून नाकाशी धर. बास."

या वेळी मी काढणार आहे. मी नखं लावते, झाकण हलत नाही. मला म्हणायचंय, हो बाबा, थांबा, देते, चमचा आणते, दातांनी काढते. मी तोंड उघडते आणि तोंडातून येतं, "बाळ झाल्यावर उघडू, बाबा."

"बरं," ते म्हणतात.

तेव्हाही एवढंच म्हणाले होते. बरं. रागावलेही नाहीत. मग अकरा दिवसांनी गार्गी झाली. तिच्या आधी दहा दिवस ते गेले.

मी पुन्हा तोंड उघडते. पुन्हा तेच वाक्य. तिसऱ्यांदा मी ओठ दाबून धरते तर ते नाकातून आल्यासारखं खोलीभर होतं, बाळ झाल्यावर, बाळ झाल्यावर. आणि बाबा प्रत्येक वेळी समजूतदारपणे मान हलवतात, "बरं. बरं गं. बरं."

"पुरे," आई ओरडते कुठून तरी. "गॅलरीत जाऊन बसा काय ते!"

आम्ही गॅलरीत आहोत. खाली रस्ता नाही. कठड्यापलीकडे जांभ्या दगडाचं लाल पठार आहे, पार टोकापर्यंत, आणि त्यावर ऊन पडलंय. बाबा त्यांच्या वेताच्या खुर्चीत. हल्ली दुपारभर त्या खुर्चीत आई बसते, तिची शाल अजून पाठीवर आहे. डबा बाबांच्या मांडीवर आहे. उघडा.

"बाबा, नको."

"का?"

"नासलाय तो."

आणि मग सांगावंच लागतं. गार्गी दहा दिवसांची असताना मी डबा उघडला, शब्द दिला होता म्हणून. एक पट्टी चुरून त्यांच्या फोटोसमोर ठेवली. पण झाकण नीट लावलं गेलं नाही आणि महिन्याभरात सगळं वाळून कडकडीत झालं. देवस्थळीकाका, बाबांचे गॅलरीतले सोबती, भेटायला आले तेव्हा म्हणाले, बटाट्याची एक चकती आत ठेव, ओल धरेल. फक्त एक रात्र हं, सकाळी आठवणीनं काढ. त्या रात्री गार्गीला ताप आला. पुढचे नऊ दिवस मला माझं नावसुद्धा आठवत नव्हतं, बटाटा कुठला आठवतोय? परवा उघडलं तर चकती काळी पडलेली, आणि पट्ट्यांवर पांढरं.

त्यांचं शेवटचं मागणं मी दोनदा नासवलं. एकदा नाही म्हणून आणि एकदा हो म्हणून.

बाबा ऐकतात. मग एक पट्टी तळहातावर घेतात आणि उन्हात धरतात.

हे पांढरं म्हणजे काय, हे मला त्यांनीच शिकवलंय. मुरलेल्या तंबाखूवर कधी कधी पांढरी झाक येते. ती साखर असते, बारीक स्फटिक. अडाणी लोक बुरशी समजून आख्खा डबा फेकून देतात. साध्या डोळ्यांना दोन्ही सारखंच. भिंग लावायचं. कडा दिसल्या तर साखर. तंतू दिसले तर बुरशी. "डोळ्यावर विसंबतो तो वाटसरू, भिंग लावतो तो आमचा." दुकानातून आणलेल्या मिठालाही भिंग लावून बघणारा माणूस.

भिंग त्यांच्या गळ्यात आहे. दोरी वाऱ्यानं हलतेय. ते त्याला हात लावत नाहीत.

"साखर आहे," ते म्हणतात.

"भिंगातून बघा ना."

"कशाला? दिसतंय की. साखर."

"बाबा, एकदा बघा. तुम्हीच म्हणता ना."

"पोरी, मी मास्तर की तू?"

ते पट्टी दुमडतात, तळव्यांमध्ये सैल चोळतात, पाइपात भरतात, थराथराला दाब वाढवत. खाली मुलाच्या हातानं, मध्ये बाईच्या, वर पुरुषाच्या, त्यांचं ठरलेलं वाक्य ते पुटपुटतात. पहिली काडी ओढतात. वरचा थर फुलून उठतो आणि विझतो. पहिली काडी नुसती ओळख करून द्यायला असते, मला माहीत आहे.

"दाब," ते पाइप माझ्यापुढे धरतात. "अंगठ्यानं. हळू. तिच्या टाळूवर तेल घालतेस ना, तेवढ्याच हातानं."

मी अंगठा टेकवते. राख कोमट आहे, मऊ, आणि तिच्याखाली काहीतरी धडधडल्यासारखं वाटतं.

दुसरी काडी. आता धूर येतो, निळा, सावकाश. मी पुढे वाकते. खूप वाकते. धुराला वास नाही. अंजिराचा नाही, तंबाखूचा नाही, बाबांच्या सदऱ्याला यायचा तोही नाही. मी त्यांच्या खांद्यात नाक खुपसते. तिथेही काही नाही. उन्हात धुतलेल्या काचेसारखं.

"कसा आहे?" मी विचारते. मला शेरा हवाय. वहीतल्या शेवटच्या नोंदीत त्यांनी याचं नाव लिहून ठेवलंय, तारीख लिहिलीये. तिसरा रकाना कोरा आहे. "बाबा, खरं सांगा. शिव्या घातल्यात तरी चालेल. कसा आहे?"

ते बराच वेळ ओढतात. पठारावरचं ऊन जरा सरकतं. मग माझ्याकडं बघतात, जसं माझ्या बारावीच्या निकालाच्या दिवशी बघितलं होतं.

"छान आहे," ते म्हणतात.

मला रडू फुटतं. त्यांना वाटतं मला बरं वाटलं, किंवा तसं वाटल्यासारखं ते दाखवतात.

"छान आहे गं. फार छान. आता मला गारगोटी दाखव."

मी डावा हात उचलायला जाते. हात नाही. म्हणजे आहे, पण माझा नाही, आणि त्याच्यावर कुणी नाही. मी खुर्चीखाली बघते, शालीत बघते, डब्यात बघते.

"ती इथं नाही, बाबा. ती तिकडं झोपलीये."

"असं होय," ते म्हणतात. ते पाइप कठड्यावर ठेवतात आणि हात पुढे करतात, ओंजळ केलेली, बाळ घेताना करतात तशी. रिकामी. तशीच थोडा वेळ धरून ठेवतात. "मग जा तू. उठेल ती."

"दोन मिनिटं थांबा. घेऊन येते. बाबा, इथंच थांबा हं."

"बरं," ते म्हणतात.

गार्गी रडतेय.

पंखा टकटक करतोय. तीन वाजून दहा मिनिटं. डाव्या हाताला मुंग्या, तो दगडासारखा जड. उजव्या हाताच्या अंगठ्याचं पेर काळं आहे.

सकाळी गार्गीला तीट लावली होती, तेच असणार. मी बोटानं चोळून बघते. काजळ तेलकट असतं, पसरतं. हे पसरत नाही. हे कोरडं आहे, त्याची भुकटी होऊन चादरीवर पडते, करडी. मी अंगठा नाकाशी धरते. काही कळत नाही.

ती रडत असतानाच मी डब्याचं झाकण काढते. एका हातानं, सहज निघतं. भिंग डोळ्याला लावते. मला पहिल्यांदा नीट दिसत नाही, डोळे पुसावे लागतात. मग दिसतं. कडा नाहीत. तंतू आहेत. बारीक, पांढरे, एकमेकांत गुंतलेले, सगळ्या पट्ट्यांवर, तळापर्यंत.

बाबा आयुष्यात एकदा खोटं बोलले, तेही मेल्यावर.

मी गार्गीला उचलते. उचलताना तिची मान सावरायला अंगठा कानशिलाशी जातो आणि तिथं काळं उमटतं, तीट लावतात बरोब्बर त्याच जागी. सकाळची तीट दुसऱ्या बाजूला आहे. ती पुसट झालीये. ही ठळक आहे.

हे मी एका हातानं लिहितेय, ती पितेय. वही बाबांचीच आहे, मागच्या बाजूनं सुरू केली. पुढच्या बाजूचा तो रकाना कोराच ठेवलाय. आई गॅलरीतून विचारते, उठली का गं? मी हो म्हणते.

पाचला हौसामावशी येतील, हिला न्हाऊ घालायला. त्या सगळं चोळून काढतात, कानामागचं दूधसुद्धा. आता पावणेचार झालेत. पाचपर्यंत तो ठसा आहे.