आधी आवाज, मग फायली

किस्से म्हणजे कपाटामागच्या जुन्या वायरी. एक ओढायला जावं तर पाच गुंतून बाहेर येतात, आणि कुठली कशाची ते लावणाऱ्यालाही आठवत नाही! मी सातवीपर्यंत शिकलो. सातवीत दोनदा बसलो, म्हणून आठवी धरा हवं तर! पुढचं शिक्षण बंगळुरात, पंपाचे सुटे भाग विकणाऱ्या आमच्या कंपनीत वायरी ओढत झालं. केस गेले, किस्से राहिले.

आमचं हेड ऑफिस इंदिरानगरला. गोदाम आणि फोनवर ऑर्डरी घेणारा डेस्क बनशंकरीला. मध्ये एकच लाईन. गिऱ्हाइकांचे फोन तिच्यावरूनच, फायली तिच्यावरूनच, गोदामाच्या कॅमेऱ्यांची चित्रंही तिच्यावरूनच! मग फोनवरचा आवाज तुटणार नाही तर काय होणार?

डेस्कची मुख्य सुधाक्का. जीभ अशी की कुकरची शिट्टी लाजेल. एकदा तुमकूरचं गिऱ्हाईक वैतागून म्हणालं, "अक्का, विहिरीतून बोलताय का?"

अक्का म्हणाली, "विहिरीत पंप सोडायचा असतो, मला नाही!"

पण साहेबांना काही हसू आलं नाही. त्यांनी फर्मान काढलं, "महिन्याभरात फोन सुधारले नाहीत, तर डेस्क उचलून इंदिरानगरला."

आता अक्काची आई अंथरुणाला खिळलेली. घर गोदामाच्या मागच्याच गल्लीत. अक्का रोज दुपारी जाऊन आईला भरवून येते. इंदिरानगरहून ते कसं जमणार? डेस्क हलला की अक्काची नोकरी सुटली, हे सगळ्यांना ठाऊक. फर्मान ऐकून अक्का गप्प बसली, तेव्हा मात्र मी घाबरलो!

*

ही भानगड निस्तरायला निखिल आला. पुण्याचा इंजिनिअर, डिग्र्या दोन, मिशा शून्य. त्याने सगळ्यांना बसवून पडद्यावर बाण आणि चौकोन दाखवले. अर्धा तास इंग्रजी. शेवटी विचारलं, "एनी डाउट्स?" कोणालाच डाउट नाही, कारण कोणालाच काही कळलं नव्हतं!

मी म्हटलं, "निखिलराव, मी सांगू? फाईल म्हणजे लोणचं. पाच मिनिटं उशिरा वाढलं तरी चालतं. आवाज म्हणजे गरम दोसा. वेळेत आला तर आला, नाहीतर मग नकोच! म्हणून लाईनीत गर्दी असली की आवाजाला पुढे सोडायचं, फायलींनी थांबायचं. सरी? कळलं?"

निखिल माझ्याकडे बघतच राहिला. "अण्णा, तुम्ही नेटवर्किंग कुठे शिकलात?"

"दर्शिनी हॉटेलात! उभ्याने दोसा खाताना."

*

निखिलने इंदिरानगरच्या राउटरच्या पेटीत आवाज पहिला लावला. लगेच अक्काचा मोबाईलवरून फोन, "अरे, गिऱ्हाइकाचा आवाज घंटेसारखा येतोय!" ऑफिसात टाळ्या. निखिलने शर्टाची कॉलर ताठ केली.

फक्त एक झालं. बनशंकरीच्या पेटीला हात लावायचं पोरगं विसरलं! म्हणजे तिकडे जाणारा आवाज पुढे सुटला, तिकडून येणारा फायलींच्या मागे रांगेतच. अक्काला गिऱ्हाईक स्वच्छ ऐकू येई, गिऱ्हाइकाला अक्का ऐकूच येईना. त्यांना वाटे फोन मेला, आणि मग ते बाजूच्या माणसाशी मनातलं बोलत! अक्का दोन दिवस कान लावून बसली होती.

तिसऱ्या दिवशी निखिलने दुसरी पेटीही नीट केली. अक्काने रामनगरच्या एका दुकानदाराला फोन लावला. "नमस्कार. मी ती खडूस अक्का बोलतेय. खडूस असले तरी माल बरोबर पाठवते, असं परवा तुम्हीच म्हणालात ना?"

त्या माणसाने घाबरून दुप्पट ऑर्डर दिली!

*

आठवडाभर सगळं छान. मग बातमी फुटली की लाईनीत कोणाला तरी पुढे सोडतात. झालं! सेल्सचा मॅनेजर आला, "माझे ईमेल पुढे घे." एच.आर.च्या मॅडम आल्या, "माझ्या व्हिडिओ मीटिंगा." खुद्द साहेब म्हणाले, "गोदामाचे कॅमेरे पुढे." निखिल पुण्याचा असून कोणालाच नाही म्हणेना! ज्याला त्याला "येस सर, येस मॅम" करत सगळ्यांना आवाजाच्या शेजारी नेऊन बसवलं.

फोन पुन्हा तुटायला लागले. महिना संपायला चार दिवस.

मी म्हटलं, "बाळा, सगळ्याच गाड्यांवर लाल दिवा लावलास. आता ॲम्ब्युलन्स कुठली?"

पोरगं रडवेलं झालं. "अण्णा, काढलं तर सगळे माझ्यावर तुटून पडतील."

"तू गुपचूप काढ. बाकी माझ्यावर सोड."

त्याने रात्रीत सगळ्यांना पुन्हा आवाजाच्या मागे बसवलं, आणि मी चिकपेटच्या बाजारातून साध्या लाल टेपची गुंडाळी आणली. सेल्सच्या मॅनेजरच्या वायरीला दोन वेढे दिले आणि कानात सांगितलं, "स्पेशल लाईन. कोणाला बोलू नका." तासाभरात मॅनेजर खूश. "अण्णा, काय फास्ट झालंय हो!" संध्याकाळपर्यंत एच.आर.च्या मॅडम स्वतः टेप मागायला आल्या. साहेबांना मी तीन वेढे दिले. मालक आहेत शेवटी!

*

महिन्याचा शेवटचा दिवस. साहेबांनी मला आणि निखिलला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर डेस्क हलवायचा कागद, फक्त सही बाकी. घड्याळात अकरा, म्हणजे फायलींची सगळ्यात जास्त गर्दी असते ती वेळ. साहेब म्हणाले, "अक्काला सांगायचं नाही. मी स्वतः गिऱ्हाईक होऊन फोन करणार." स्पीकर चालू केला, नंबर लावला, खुर्चीत मागे रेलले आणि घोगरा आवाज काढून खेडवळ कन्नडात सुरू झाले, "नमस्कार अक्का. मंड्याहून बोलतोय. शेतातली मोटर बंद पडलीय. पाणी नाही, ऊस वाळतोय…"

निखिलने डोळे मिटले होते.

 मग अक्काचा आवाज आला, शेजारी बसल्यासारखा.

"मोटरचं बघू सावकाश. आधी त्या खुर्चीला तेल घाला, साहेब. बनशंकरीपर्यंत कुरकुर ऐकू येतेय!"

साहेबांनी फोन ठेवला. हळूच उठून खुर्चीकडे बघितलं. टेबलावरचा तो कागद उलटा केला, त्यावर कॉफीचा टंबलर ठेवला आणि मला म्हणाले, "अण्णा, तेल आणा."